पाकिटाची पाठ आणि शेव्याचे बंदर

परदेशी म्यूस्लीचा, ओट्सचा किंवा प्रोटीन पावडरचा डबा दुकानातल्या फळीवरून उचलून पालथा केला, की मूळ छपाईवर चिकटवलेली एक पांढरी पट्टी दिसते. आयातदाराचे नाव आणि पत्ता, ‘एफएसएसएआय’चे चिन्ह, चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण, एमआरपी. नखाने खरवडून ती सहज निघत नाही. निघू नये असा नियमच आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारात मिळणाऱ्या अशा असंख्य डब्यांवर ही पट्टी बसते ती न्हावा शेव्याच्या बाँडेड गोदामांत. पट्टीच्या शेजारी असतो पोषणाचा तक्ता: ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्धांश, सोडियम. वजन उतरवायला निघालेला माणूस आता हा तक्ता वाचून डबा घ्यायचा की परत ठेवायचा ते ठरवतो. पण पट्टी एका कारणाने जन्मली आणि तक्ता दुसऱ्याच. बारीक होऊ पाहणाऱ्या माणसाचा विचार दोन्हींच्या जन्माच्या वेळी कुणाच्या मनात नव्हता. हे नीट कळायचे तर आधी शेव्याला जायला हवे.

न्हावा आणि शेवा ही उरणच्या परिसरातली दोन गावे. जिल्हा रायगड, पण आराखडा नवी मुंबईचा. बंदर येण्याआधी हा सगळा पट्टा भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर जगत होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. पाठोपाठ, मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी पाण्याच्या पलीकडे नवे बंदर बांधायचे ठरले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघरच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. शेव्याचा कोळीवाडा तर जागेवरूनच उठला. तिथल्या कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले; पुढे वाळवीने घरे पोखरली आणि त्यांचा पुनर्वसनाचा लढा काही दशके चालत राहिला. या बंदरातून आलेल्या कुठल्याही वस्तूचा इतिहास सांगताना एवढे आधी सांगितलेच पाहिजे.

२६ मे १९८९ रोजी हे जवाहरलाल नेहरू बंदर (जेएनपीटी) सुरू झाले. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल इथेच चालू झाले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात बंदराने ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने तेवढे डबे, हाताळले. कॅलिफोर्नियाचे बदाम, वॉशिंग्टनची सफरचंदे, आखाती देशांतला खजूर, युरोपातली चॉकलेटे, न्यूझीलंडचे दुग्धजन्य पदार्थ अशा कितीतरी खाण्याच्या वस्तू त्यांतून उतरतात.

सुरुवातीची बारा वर्षे मात्र चित्र वेगळे होते. बंदर होते, पण बाहेरचे तयार खाणे देशात मोकळेपणाने येऊ शकत नव्हते. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर संख्येची बंधने होती. परदेशी चॉकलेट म्हणजे आखातातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाने बॅगेतून आणलेली वस्तू. जागतिक व्यापार संघटनेच्या निवाड्यानंतर भारताला ही बंधने काढावी लागली: काही एप्रिल २००० मध्ये, उरलेली १ एप्रिल २००१ पासून. दारे उघडणार हे दिसताच सरकारने एक सावधगिरी बाळगली. नोव्हेंबर २००० मध्ये परदेशी व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली: आयात होणाऱ्या पाकीटबंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असलीच पाहिजे, देशी मालाला जो नियम, तोच परदेशीला. पुढच्या वर्षी आणखी एक अट आली. खाण्याचा माल बंदरावर उतरेल तेव्हा त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान साठ टक्के मुदत शिल्लक हवी. मुदत संपत आलेला माल इथे आणून खपवला जाईल, ही भीती त्यामागे होती आणि ती रास्त होती.

पांढरी पट्टी आली ती अशी. किंमत, जबाबदार माणूस आणि मुदत यांच्यासाठी.

मुळात आपल्याकडे खाण्यावरचा कायदा भेसळीच्या भीतीतून वाढला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत भेसळीची कलमे होती. मुंबई इलाख्याने १९२५ मध्ये स्वतःचा भेसळ प्रतिबंधक कायदा केला. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शिवडीला एक कारखाना उभा राहिला. आज अटल सेतू ज्या शिवडीहून सुटून न्हावा शेव्याच्या दिशेने समुद्र ओलांडतो, तीच शिवडी. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने तिथे तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून तुपासारखा थिजणारा पदार्थ बनवायला घेतला. १९३७ पासून तो ‘डालडा’ या नावाने घराघरांत गेला. हिरव्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाल्यावरही वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात राहायचा.

डालड्यावरून केवढा वाद झाला! वनस्पती साजूक तुपात मिसळून विकली जात होती आणि दिसायला-वासाला फरक कळत नव्हता. तिच्यावर बंदी घाला, अशी मागणी स्वातंत्र्यानंतर देशभर झाली. सरकारने जो उपाय निवडला तो लेबलाच्या इतिहासात जपून ठेवावा असा आहे. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलावर ‘बॉदुअँ’ चाचणी केली की गुलाबी-लाल रंग येतो. म्हणजे तूपवाल्याने वनस्पती मिसळली असेल तर प्रयोगशाळेत ती आपोआप उघडी पडणार. एका अर्थाने ते डब्याच्या आत घातलेले लेबल होते, पण ते वाचू शकत होता फक्त रसायनतज्ज्ञ. भाकरीवर तूप वाढून घेणाऱ्या माणसाला ते वाचण्याची सोय नव्हती. आणि हायड्रोजनच्या प्रक्रियेत जे ट्रान्स फॅट तयार होते, त्याचे तर तेव्हा नावही कुणी घेत नव्हते. त्याला आपल्याकडे आकड्याची मर्यादा पडली २०११ नंतर: आधी दहा टक्के, मग पाच, २०२१ मध्ये तीन आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन. शिवडीच्या कारखान्यापासून मोजले तर मधली ऐंशी वर्षे गेली.

१९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून देशभर लागू झाला. त्याच्या नियमांत लेबलांचे नमुने दिलेले होते. कॉफीत चिकोरी मिसळली असेल तर दोन्हींचे प्रमाण डब्यावर छापायचे, दुधाच्या भुकटीवर काय लिहायचे, घट्ट केलेल्या गोड दुधावर काय लिहायचे, असे सगळे. १९७७ मध्ये पाकीटबंद वस्तूंचे नियम आले आणि वजन-मापाची शिस्त लागली. १९९० मध्ये ‘सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत’ छापणे बंधनकारक झाले. दुकानदाराशी किमतीवरून होणारी हुज्जत त्याने बरीच कमी केली. २००१ मध्ये शाकाहार-मांसाहाराचे ठिपके आले. भेसळ, वजन, किंमत, आहाराचा आचार, या क्रमाने पाकीट बोलते होत गेले. या काळात पोषणाबद्दल मात्र ते जवळजवळ गप्प होते.

पोषणाचे आकडे वेगळ्याच वाटेने येत होते. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन इथे विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या दर ग्रॅमला चार किलोकॅलरी, स्निग्धांशाला नऊ, हा आजही प्रत्येक पाकिटावर वापरला जाणारा हिशेब त्यांच्या कामातून आला. अमेरिकी खाद्यपदार्थांच्या रासायनिक घटकांचे त्यांचे तक्ते १८९६ मध्ये सरकारी पत्रिका म्हणून प्रसिद्ध झाले. कमी पैशांत मजुराच्या पोटात जास्तीत जास्त शक्ती कशी जाईल, ही ॲटवॉटरांची काळजी होती. १९१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी हेच आकडे उलटे वापरले. बारीक व्हायचे असेल तर कॅलरी मोजून खा, असे सांगणारे त्यांचे पुस्तक अमेरिकेत प्रचंड खपले. पोट भरण्यासाठी काढलेला हिशेब वजन उतरवण्याच्या कामी लागला तो तिथे.

भारतात हा हिशेब आला तेव्हा प्रश्न उपासमारीचा होता. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासापासून सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली: ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या यांत काय किती. पुढे बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही आयक्रॉइड होते. कुन्नूरची ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्या पुस्तिकेचा मोठा अवतार तयार केला. २०१७ मध्ये ५२८ पदार्थांचे नवे तक्ते आले. शाळेच्या आहाराची आखणी, रेशन, रुग्णालयाचे जेवण यांसाठी हे तक्ते दशकानुदशके वापरले गेले. दुकानातल्या पाकिटावर ते आले नाहीत, कारण पाकीट उलटून पाहणारा मध्यमवर्ग अजून तयार व्हायचा होता.

तो तयार झाला उदारीकरणानंतर. पाकीटबंद खाणे वाढले, बैठे काम वाढले, गाड्या वाढल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातल्या २०.६ टक्के महिला जास्त वजनाच्या किंवा स्थूल होत्या. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, त्या २४ टक्के झाल्या. पुरुषांचे प्रमाण २२.९ टक्क्यांवर गेले. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून १९९४ पासून पाकिटावर पोषणाचा तक्ता सक्तीचा केला होता. आपल्याकडे जुन्या भेसळ कायद्याच्याच नियमांत २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००९ पासून ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर आणि स्निग्धांश छापणे बंधनकारक झाले. म्हणजे शिवडीहून डालडा बाजारात आल्यानंतर सत्तरहून जास्त वर्षांनी.

त्याच वर्षी, ५ सप्टेंबर २००८ रोजी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. हेच एफएसएसएआय. २००६ चा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे लागू झाला आणि अर्धशतकाहून जुना भेसळ कायदा इतिहासजमा झाला. बंदरावर आधी पोर्ट हेल्थ ऑफिसर खाण्याच्या मालाला मंजुरी देत. ते काम आता प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांकडे आले.

शेव्याला कंटेनर उतरल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. कस्टम ब्रोकर बिल ऑफ एंट्री भरतो. कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, जातो. उरण-जेएनपीटी-पनवेल रस्त्यांवर अशी कितीतरी आवारे आहेत. तपासणीसाठी निवडलेल्या मालाचे सील तोडले जाते. अधिकारी पहिल्यांदा पाकीटच वाचतो. मुदत किती उरली, घटकांची यादी आहे का, तक्ता आहे का, ॲलर्जीची सूचना आहे का. लेबलात दोष निघाला तर नमुना प्रयोगशाळेत जाण्याआधीच माल नाकारला जाऊ शकतो. काही गोष्टी मात्र बाँडेड गोदामात पट्टी लावून दुरुस्त करता येतात. २०१७ च्या आयात नियमांनी त्या ठरवून दिल्या: आयातदाराचे नाव-पत्ता, चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहार-मांसाहाराची खूण, पदार्थाचा प्रकार. एवढ्याच. पोषणाचा तक्ता त्या यादीत नाही. तो माल निघाला तिथूनच बरोबर आलेला हवा. गोदामात रांगेने बसून हजारो डब्यांवर पट्ट्या चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातून देशाचा लेबल कायदा रोज अक्षरशः जागेवर बसत असतो, आणि या कामाची नोंद कुणी कौतुकाने घेत नाही.

या टप्प्यावर खटकेही उडाले. २०१४ च्या सुमारास परदेशी चॉकलेटांचा माल लेबलाच्या कारणावरून देशातल्या बंदरांवर अडकला आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी झाली. त्याच सुमारास आणखी एक प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. नवा पदार्थ बाजारात आणण्याआधी उत्पादनाची मंजुरी घ्या, असे प्राधिकरणाने ८ मे २०१३ च्या सूचनापत्राने सांगितले होते. आहारपूरक गोळ्या-भुकट्यांच्या व्यवसायाला, म्हणजे वजन उतरवू पाहणाऱ्यांच्या नेहमीच्या दुकानाला, त्याचा मोठा फटका बसला. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्सच्या याचिकेवर ३० जून २०१४ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले, की अशा सूचनापत्राला कायद्याचे बळ नाही. १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले आणि आठवडाभरात मंजुरीची पद्धत बंद झाली.

याच ऑगस्टमध्ये मॅगीचाही निकाल लागला. ५ जून २०१५ च्या बंदीच्या आदेशात शिशाचा मुद्दा सर्वांना आठवतो. ‘नो ॲडेड एमएसजी’ हा पाकिटावरचा मजकूर दिशाभूल करणारा आहे, हाही त्यात एक मुद्दा होता. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली त्यांना त्या तपासणीची रीतसर मान्यता नव्हती. नव्या चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. या प्रकरणाने एक चांगली गोष्ट केली. पाकीट उलटून वाचायची सवय त्या उन्हाळ्यानंतर अनेक घरांना लागली.

आता वाचायचे कसे, हा खरा प्रश्न. २०२० चे लेबल नियम २०२२ पासून अमलात आले. त्यांनुसार तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगळी दाखवावी लागते. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियमही. आकडे दर १०० ग्रॅमला असतात आणि एका ‘सर्व्हिंग’मधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळते तेही लिहिलेले असते.

वजनाचा विचार करणाऱ्याने या टक्क्यांजवळ जरा थांबावे. ती टक्केवारी २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, ५० ग्रॅम वरची साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढलेली असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० किलोकॅलरी आहे. पाकिटावर २५० किलोकॅलरीच्या शेजारी साडेबारा टक्के छापलेले असेल तर तिच्यासाठी ते पंधरा टक्के असते. साखरेचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत मुक्त साखर ठेवायला सांगते, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक बरे म्हणते. ५० ग्रॅम ही वरची हद्द आहे. लेबलावर मात्र ती शंभर टक्के म्हणून येते, आणि वाचणाऱ्याला ती जणू रोज पुरी करायची गरज वाटते.

‘सर्व्हिंग’ किती ग्रॅमचे, ते कंपनी ठरवते. तीस ग्रॅम म्यूस्ली वाडग्यात घालून वजनकाट्यावर ठेवून पाहावी. तळ जेमतेम झाकतो. म्हणून दोन डब्यांची तुलना करताना १०० ग्रॅमचाच रकाना पाहावा. ॲटवॉटरचा हिशेबही स्वतः करून बघता येतो. समजा १०० ग्रॅममध्ये ९ ग्रॅम प्रथिने, ६० ग्रॅम कर्बोदके, २४ ग्रॅम स्निग्धांश. ३६ अधिक २४० अधिक २१६, म्हणजे ४९२ किलोकॅलरी. त्यातला जवळजवळ निम्मा भाग चरबीतून आलेला आहे, हे बेरीज केल्याशिवाय लक्षात येत नाही. साधी ग्लुकोज बिस्किटेसुद्धा १०० ग्रॅमला साडेचारशेच्या घरात जातात.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच्या घोषणांनाही २०१८ च्या नियमांनी मापे लावली आहेत. ‘लो फॅट’ म्हणायचे तर घन पदार्थात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही. ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. पण ‘लो फॅट’ दह्यात साखर किती घातली, हे ती घोषणा सांगत नाही. ते पाठीमागेच वाचावे लागते. २०२४ मध्ये प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांना सांगावे लागले, की माल्टची पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका. आणि उत्पादकांना, की पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका.

आणि वजनकाटाही सगळे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांची २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी-शेजारी छापलेली तुलना प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी साठलेली असू शकते, हे या दोन आकड्यांनी जगाला दाखवले. पाकिटावरच्या साखरेचा आकडा महाराष्ट्रातल्या घराला का महत्त्वाचा आहे, याचे याहून सरळ उत्तर नाही. ‘माझे वजन तर ठीक आहे’ असे म्हणून डबा न उलटणाऱ्यालाही हे लागू आहे.

उरणच्या बाजारात मात्र या तक्त्याचा उपयोग मर्यादित आहे. करंज्याच्या मासळीला, सुक्या बोंबलाला, चिंचेला, तांदळाला लेबल नसते आणि लागतही नाही. इथल्या मिठागरांची ओळख ज्या मिठाने होती, त्या मिठालाही पोषणाच्या तक्त्यातून सूट आहे, जरी सोडियमचा सर्वांत मोठा साठा तेच असले. न्हावा शेव्याला उतरलेले बदाम वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून सुटे विकले जातात, तेव्हा १०० ग्रॅमला सहाशेच्या जवळ जाणाऱ्या किलोकॅलरींचा आकडा कुठेच दिसत नाही. ‘डाएट’ म्हणून बदामांची बशी समोर ठेवून बसणाऱ्याला तो कुणी तरी सांगायला हवा.

तक्ता समोरच्या बाजूला, सहज दिसेल असा आणावा, ही मागणी आता जगभर आहे. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन सक्तीचे केले. नंतरच्या अभ्यासात अशा गोड पेयांची खरेदी जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटलेली आढळली. आपल्या प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा पुढे केला. तारे हे शाबासकीचे चिन्ह. इशारा देण्याचे काम त्यांच्याकडून होणार नाही, असे अनेक आरोग्यतज्ज्ञांनी सांगितले आणि ते बरोबर आहे. मसुद्यावर चौदा हजार हरकती-सूचना आल्या. ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरच्या तज्ज्ञ समितीला शिफारशी देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत घालून दिली.

इशारा येईल तेव्हा तो चित्राचा असावा आणि सोबत मराठीतही असावा. आजच्या नियमांप्रमाणे लेबलावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असली की पुरते. इतर भाषांना मनाई नाही, पण सक्तीही नाही. ज्या जिल्ह्यातल्या माणसांनी जमीन देऊन हे बंदर उभे राहू दिले, त्यांच्या हातात इथून उतरलेला डबा येतो तेव्हा त्यावर त्यांच्या भाषेचा एक शब्द नसतो. आयातदार बाँडेड गोदामात पट्टी चिकटवतातच. तिच्यात साखर, मीठ आणि चरबी यांच्या मराठीतल्या तीन ओळींची भर घालायला कायद्याची आडकाठी नाही. ग्राहक पंचायती, अन्न व औषध प्रशासन आणि रायगडचे लोकप्रतिनिधी यांनी ही मागणी प्राधिकरणाकडे लेखी लावून धरावी. तोवर दुकानात उभे राहून डबा उलटावा, १०० ग्रॅमचा रकाना शोधावा आणि सर्वांत आधी वरून घातलेल्या साखरेचा आकडा वाचावा.